टचस्क्रीनवरची मॉडेल रेल्वे: बोट पडद्यावर, हुकूम रुळांतून

टेबलभर मांडलेले छोटे रूळ, त्यावर एकाच वेळी फिरणाऱ्या दोन-तीन गाड्या आणि चालवणाऱ्याच्या हातात फक्त फोन, असे व्हिडिओ हल्ली सारखे समोर येतात. पडद्यावर अख्ख्या स्थानकाचा नकाशा असतो. सांध्यावर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागेवर, बोट टेकवले की खाली खराखुरा सांधा बदलतो, इंजिनाच्या चित्रावर टेकवले की भोंगा वाजतो. पाहणाऱ्याचा समज होतो की फोनमधून थेट इंजिनाला काहीतरी पोचते आणि बाकी सगळे आपोआप होते.

नाशिकला रेल्वेचे वेड नवे नाही. नाशिकरोडला रेल्वेच्या विद्युत इंजिनांच्या मोटारी दुरुस्त करणारी कार्यशाळा आहे, रेल्वेच्या विद्युत अभियंत्यांना शिकवणारी संस्था आहे, आणि तासाभराच्या अंतरावर इगतपुरीचा घाट आहे. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून उभे आहे. तिथे जाऊन आलेल्या मुलांच्या डोक्यातून ते दृश्य जात नाही. त्यांतले काही जण मोठे झाल्यावर घरात मांडणी करायचे ठरवतात आणि पहिला प्रश्न विचारतात, ‘स्क्रीनवाला कंट्रोलर कोणता घेऊ?’

माझे ठाम मत आहे की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. आधी रुळांत काय वाहते ते समजून घ्यावे. पैसा, वेळ आणि बहुतेक बिघाड तिथेच असतात.

जुनी पद्धत काय होती?

घरगुती मांडणीत सर्वांत जास्त चालणारे प्रमाण म्हणजे एचओ. यात सगळे खऱ्याच्या १/८७ आकाराचे असते आणि दोन रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर असते. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा; त्याला ८७ ने भागले तर १९ मिलिमीटरहून थोडे जास्त भरते. बाजारातले रूळ मात्र परदेशी १४३५ मिलिमीटरच्या मापावर बेतलेले असतात, म्हणून आपली इंजिने एचओमध्ये जरा अरुंद रुळांवर उभी दिसतात. डोळ्यांना सवय होते.

जुन्या पद्धतीत डायल असलेल्या एका डब्यातून रुळांना ० ते १२ व्होल्ट डीसी वीज मिळते. डायल फिरवला की व्होल्टेज वाढते आणि गाडी वेग घेते. धन-ऋण उलटे केले की गाडी मागे येते. साधी आणि भरवशाची पद्धत आहे, आणि एकच गाडी गोल फिरवायची असेल तर आजही तीच पुरते.

अडचण दुसरे इंजिन ठेवल्यावर सुरू होते. वीज रुळांत असते, त्यामुळे त्या रुळांवर जे जे इंजिन असेल ते सगळेच सुटते. एकाला फलाटावर थांबवून दुसरे पुढे न्यायचे तर रूळ तुकड्यातुकड्यांत तोडून प्रत्येक तुकड्याला वेगळा खटका लावावा लागतो. मांडणी थोडी मोठी झाली की हात गाडीपेक्षा खटक्यांवरच जास्त फिरू लागतात. शिवाय गाडी थांबली की वीज शून्य, म्हणून थांबलेल्या इंजिनाचा दिवाही विझतो.

डीसीसी म्हणजे काय?

यावरचा उपाय म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल, थोडक्यात डीसीसी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतल्या लेंझ कंपनीने ही पद्धत विकसित केली आणि १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने तिचे खुले मानक ठरवले. हे खुलेपण महत्त्वाचे आहे. एका कंपनीचा कंट्रोलर आणि दुसऱ्या कंपनीचे इंजिन एकत्र चालते ते त्यामुळेच.

डीसीसीमध्ये रुळांवर कायम पूर्ण व्होल्टेज असते, एचओसाठी साधारण १५ व्होल्टच्या आसपास. गाडी उभी असली तरी वीज असतेच. मग गाडी थांबते कशी? प्रत्येक इंजिनात नखाएवढी किंवा त्याहून थोडी मोठी एक सर्किट पट्टी बसवलेली असते, तिला डीकोडर म्हणतात. रुळांतली वीज आधी डीकोडरकडे येते, आणि मोटारीला किती द्यायची ते डीकोडर ठरवतो.

त्याला हुकूम कसा कळतो, हा या पद्धतीतला सर्वांत सुंदर भाग. त्यासाठी वेगळी तार नसते आणि रेडिओही नसतो. रुळांतल्या विजेची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटवली जाते आणि दोन उलटण्यांमध्ये किती वेळ गेला, त्यातच संदेश असतो. दोन्ही बाजूंना ५८-५८ मायक्रोसेकंद गेले तर तो ‘१’. किमान १००-१०० मायक्रोसेकंद गेले तर तो ‘०’. अशा एक-शून्यांच्या ओळीत आधी इशारा म्हणून सलग निदान चौदा ‘१’ येतात, मग इंजिनाचा क्रमांक, मग हुकूम, आणि शेवटी संदेश वाटेत बिघडला का ते तपासण्यासाठी एक आकडा. छोटा संदेश साधारण ६ ते ८ मिलिसेकंदांत संपतो, म्हणजे सेकंदाला शंभराहून जास्त संदेश मावतात.

नाशिकरोडच्या फलाटावरची घोषणा आठवा. भोंग्यातला आवाज सगळ्यांच्या कानांवर पडतो, पण गाडीचा क्रमांक ऐकून ज्याची गाडी आहे तोच पिशव्या उचलतो, बाकीचे जागचे हलत नाहीत. आणि घोषणा एकदा करून थांबत नाहीत, पुन्हा पुन्हा करतात, कारण मध्येच कुठे गोंगाटात ती हरवू शकते. डीसीसीत रूळ हेच भोंगे. संदेश सगळ्या डीकोडरांना पोचतो, ज्याचा क्रमांक असेल तोच पाळतो, आणि हुकूम सोडणारी पेटी तेच हुकूम सतत घोकत राहते. चाकाखाली धूळ आली आणि एक संदेश चुकला तरी काही क्षणांत तोच पुन्हा येतो.

नव्या डीकोडरचा क्रमांक कारखान्यातून बहुतेक वेळा ३ असतो. तो तुम्ही बदलता. लहान क्रमांक १ ते १२७ आणि मोठे क्रमांक दहा हजारांच्या थोडे पुढेपर्यंत देता येतात. आपल्याकडच्या खऱ्या इंजिनांवर पाच आकडी क्रमांक असतो, तो बसत नाही. म्हणून शेवटचे चार आकडे घेण्याची सोय करावी लागते.

मग टचस्क्रीन नेमके करते काय?

साखळी अशी आहे: पडदा, त्यामागे संदेश तयार करणारा कमांड स्टेशन नावाचा मेंदू, त्याला ताकद देणारा बूस्टर, मग रूळ, मग डीकोडर, शेवटी मोटार. पडदा या साखळीच्या एका टोकाला आहे. तो फक्त मागणी करतो; रुळांत काय सोडायचे ते कमांड स्टेशन ठरवते.

बाजारात तीन घडणी दिसतात. पहिलीत पडदा आणि मेंदू एकाच पेटीत असतात, जसे मार्कलिनचे सेंट्रल स्टेशन ३ किंवा ईएसयूचे ईकॉस. दुसरीत मेंदूची पेटी वेगळी असते आणि पडदा म्हणजे तुमचाच फोन, वायफायवरून जोडलेला. रोकोने २०१२ मध्ये आणलेले झेड२१ हे याचे ठळक उदाहरण. तिसरीत फोन ब्लूटूथने थेट इंजिनातल्या डीकोडरशी बोलतो आणि रूळ फक्त वीज पुरवतात. हॉर्नबीची एचएम७००० ही मालिका तशी आहे. व्हिडिओ पाहून होणारा समज खरा ठरतो तो फक्त या तिसऱ्या घडणीत.

वायफायसाठी इंटरनेट लागत नाही. पेटी आणि फोन घरातल्या एकाच राउटरवर असले की झाले. मात्र वीज गेली तर रूळ, पेटी, राउटर सगळेच थांबते.

चालू गाडीत फोन बंद पडला तर?

ही शंका अगदी रास्त आहे, आणि विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्नही हाच असावा. कमांड स्टेशन शेवटचा हुकूम घोकत राहते, हे वर पाहिले. म्हणून फोनची बॅटरी संपली, कॉल आला किंवा ॲप अडकले, तर गाडी थांबेलच असे नाही. शेवटच्या वेगाने ती तशीच पुढे जाऊ शकते.

चांगल्या प्रणालींत यावर तोडगा असतो. फोनने दर काही सेकंदांनी ‘मी आहे’ असे कळवायचे, आणि ते आले नाही तर मेंदूने त्याची गाडी थांबवायची. ही सोय आहे का, आणि असल्यास चालू केलेली आहे का, ते पाहून घ्या. ती नसेल तर टेबलाच्या कडेला सगळी वीज तोडणारे एक लाल बटण स्वतः बसवा. लहान मुले चालवणार असतील तर दोन्ही हवीत.

पडद्याला गाडी कुठे आहे ते दिसते का?

नकाशावर गाडी सरकताना पाहून तसे वाटते, पण मूळ डीसीसी हा एकतर्फी संवाद आहे. हुकूम जातो, उत्तर येत नाही. गाडी कुठल्या तुकड्यावर आहे ते कळायला रुळांचे तुकडे वेगळे करून प्रत्येकाला वीज ओढली जाते का ते पाहणारे संवेदक लावावे लागतात आणि त्यांच्या तारा मेंदूपर्यंत आणाव्या लागतात. नंतर आलेल्या रेलकॉम या जोडपद्धतीत डीकोडर स्वतःचा क्रमांक परत कळवू शकतो, पण तो ऐकणारी उपकरणेही वेगळी घ्यावी लागतात. सांध्यांचेही तेच. पडद्यावर बोट टेकवून सांधा बदलायचा तर खाली मोटार आणि तिचा डीकोडर हवा. नकाशाचे सुंदर चित्र पाच मिनिटांत काढता येते. त्याला जिवंत करणारे काम टेबलाखाली काही महिने चालते.

बोटाने गाडी चालवणे खरेच सोयीचे आहे का?

इथे मी पडद्याच्या बाजूने नाही. गाडी फलाटाला लावताना नजर गाडीवर हवी. गोल नॉब हाताला न पाहता कळतो. किती फिरवला ते बोटांना समजते, शून्यावर आल्याचा अटकाव जाणवतो. काचेवरची पट्टी सरकवताना मात्र नजर खाली न्यावी लागते आणि तेवढ्यात डबा बफरला धडकतो.

मोठ्या कंपन्यांनाही हे माहीत आहे. ईकॉस आणि सेंट्रल स्टेशन ३ या दोन्हींत पडद्याच्या शेजारी नॉब आहेत. ईकॉसचे नॉब तर मोटारीने स्वतः फिरतात. समजा, एक इंजिन जोरात चालले आहे आणि तुम्ही दुसरे, उभे असलेले इंजिन निवडले. नॉब आधीच्याच जागी राहिला तर आकडा आणि गती यांचा मेळ बसणार नाही. म्हणून यंत्र नॉबला नव्या इंजिनाच्या गतीवर आणून ठेवते. खऱ्या रेल्वेतही लोको पायलटसमोर पडदे आले, वंदे भारतच्या केबिनमध्ये तर ते ठळक दिसतात, पण वेग देण्यासाठी हातात दांडाच राहिला.

पडद्याची खरी ताकद वेगळ्या कामात आहे. डीकोडरमध्ये शेकडो क्रमांकित कप्पे असतात. कप्पा १ मध्ये इंजिनाचा क्रमांक, ३ मध्ये वेग किती सावकाश वाढावा, ४ मध्ये किती सावकाश कमी व्हावा. साध्या हँडसेटवर हे आकडे एकेक करून भरणे कंटाळवाणे आणि चुकीला वाव देणारे. पडद्यावर तेच नावासकट दिसते. अठ्ठावीस आवाज असलेल्या इंजिनाचा भोंगा कुठल्या बटणावर आहे ते चित्रावरून लगेच सापडते. माझी शिफारस अशी की मांडणीची आखणी, नोंदी, सांधे आणि आवाज पडद्यावर ठेवावेत, गती नॉबवर.

घाटातली गाडी आणि दोन इंजिनांचा मेळ

आपल्या भागातल्या माणसाला मांडणीत घाट हवाच असतो. कसारा ते इगतपुरी चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. तो चढण्यासाठी गाडीच्या मागे बँकर इंजिने जोडतात. मॉडेलवर हे करायची इच्छा होणे अगदी साहजिक आहे, आणि डीसीसीत ते जमते. दोन किंवा तीन इंजिने एका गटात टाकायची, मग एकच हुकूम सगळी पाळतात. टचस्क्रीनवर हे काम चित्रे एकत्र ओढण्याइतके सोपे झाले आहे.

पण पडदा इथे एक गोष्ट लपवतो. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची इंजिने गतीच्या एकाच आकड्याला सारख्या वेगाने धावत नाहीत. मागचे इंजिन जरा जलद असेल तर ते हलके डबे वळणावर बाहेर ढकलते आणि गाडी रुळांवरून उतरते. म्हणून आधी दोन्ही इंजिने एकाच लूपवर थोडे अंतर ठेवून एकटी-एकटी चालवायची, अंतर वाढते की घटते ते पाहायचे, आणि डीकोडरच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि कमाल गतीच्या कप्प्यांतले आकडे हलवून त्यांचा मेळ घालायचा. याला एक संध्याकाळ लागते. जमले की मात्र मागून बँकर लावलेली मालगाडी चढावर संथपणे जाताना पाहण्यात जे समाधान आहे ते दुसऱ्या कशात नाही.

मागून ढकलताना डब्यांचे वजन सारखे करा आणि सर्वांत हलका डबा बँकरला लागून ठेवू नका.

टेबलाखालचे काम, जे कोणी दाखवत नाही

इगतपुरीला एके काळी मुंबईकडची १५०० व्होल्ट डीसी वीज संपत असे आणि पुढे २५,००० व्होल्ट एसी सुरू होई. त्यासाठी इंजिने बदलावी लागत, किंवा दोन्ही विजांवर चालणारी खास इंजिने लागत. आता सगळीकडे २५,००० व्होल्टच आहे. त्या तारांतून इंजिनाला फक्त ताकद मिळते, हुकूम लोको पायलट देतो. मॉडेलमध्ये एकाच रुळांतून ताकद आणि हुकूम दोन्ही जातात, म्हणून तारांची हयगय दुप्पट महागात पडते.

रुळांचे जोड वीज वाहतील यावर विसंबू नका. टेबलाखालून दोन जाड तारा फिरवा आणि दर काही फुटांवर त्यांतून रुळाला बारीक तार सोल्डर करा. नाशिकच्या पावसाळ्यात जोड गंजतात, उन्हाळ्यात धूळ बसते. सोल्डर केलेला फाटा या दोन्हींत टिकतो. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसावेत. सँडपेपर लावू नये, त्याच्या ओरखड्यांत मळ आणखी धरतो.

मग एक रुपयाचे नाणे घ्या आणि पेटीपासून सर्वांत दूरच्या जागी दोन्ही रुळांवर आडवे ठेवा. बूस्टरने लगेच वीज तोडली पाहिजे. तोडली नाही तर तारा बारीक आहेत किंवा जोड कच्चे आहेत, आणि ही गंभीर गोष्ट आहे. ५ अँपियर आणि १५ व्होल्ट म्हणजे ७५ वॉट. एवढी उष्णता गाडी घसरून शॉर्ट झालेल्या जागी साठली तर प्लास्टिकची बोगी वितळते. हे नाणे प्रत्येक नव्या तुकड्यावर ठेवून पाहा. माझ्या मते मांडणी सुरक्षित आहे की नाही ते पडद्यावरच्या कुठल्याही हिरव्या खुणेपेक्षा या नाण्यावरून जास्त कळते.

आणखी एक जागा आधीच ओळखून ठेवावी. रूळ वळून स्वतःलाच येऊन मिळत असतील तर डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्ट होतो. तिथे तुकडा दोन्ही टोकांना वेगळा करून आपोआप दिशा उलटवणारी पट्टी लावावी लागते.

जुनी इंजिने टाकून द्यायची का?

नाही. डीकोडर नसलेले इंजिन डीसीसीच्या रुळांवर उभे मात्र करू नका; सतत उलटणाऱ्या विजेने मोटार गुणगुणते, तापते आणि काही प्रकारच्या मोटारी जळतात. नव्या इंजिनांत डीकोडरसाठी खाच तयार असते, त्यात तो नुसता बसवायचा. जुन्यात मोटारीची दोन्ही टोके इंजिनाच्या धातूपासून वेगळी करायची आणि मग तारा जोडायच्या. रंग ठरलेले आहेत: लाल उजव्या रुळाकडून, काळी डाव्या रुळाकडून, नारिंगी आणि करडी मोटारीला, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या, निळी दिव्यांची सामाईक. मोटारीचे एक टोक चुकून धातूला लागलेले राहिले तर डीकोडर पहिल्याच वेळी जातो. म्हणून मल्टीमीटरने तपासल्याशिवाय इंजिन रुळांवर ठेवू नये.

हे सगळे आपल्याला परवडेल का?

परदेशी पेट्या महाग पडतात आणि कर त्यात भर घालतो. आयात खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले, आणि मॉडेल रेल्वे याच वर्गात मोडते.

म्हणून मला डीसीसी-ईएक्स हा मार्ग आपल्याकडे विशेष मोलाचा वाटतो. हा मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प आहे. आर्डुइनो मेगा नावाचा प्रोग्राम भरता येणारा छोटा बोर्ड, त्यावर रुळांना वीज सोडणारी मोटार शील्ड ही पट्टी आणि वायफायची एक छोटी पट्टी एवढ्यांतून मानकाप्रमाणे चालणारे कमांड स्टेशन तयार होते. हे बोर्ड अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या वापरातले आहेत. पडदा म्हणून अँड्रॉइड फोनवर इंजिन ड्रायव्हर हे ॲप चालते, आणि घरात पडलेला जुना फोन त्याला पुरतो. दोन काळज्या घ्या. साध्या मोटार शील्डमधून सतत दीड अँपियरच्या पुढे जाऊ नका, म्हणजे आवाज नसलेली दोन-तीन एचओ इंजिने. आणि शील्डवरची आर्डुइनोला वीज देणारी व्हीइन ही जोडरेषा कापा, नाहीतर रुळांसाठीचे जास्त व्होल्टेज बोर्डात शिरते.

दोन वर्षांत स्क्रीन जुनी झाली तर?

ती होईलच. ॲपची नवी आवृत्ती जुन्या फोनवर चालेनाशी होते, पडदा फुटतो, कंपनी त्या मॉडेलला मदत देणे थांबवते. पण डीकोडर आणि रुळांतली भाषा खुल्या मानकाची आहे. १९९० च्या दशकातला डीकोडर आजच्या कमांड स्टेशनचा हुकूम पाळतो. त्यामुळे खरेदी करताना तीन गोष्टी विचारा. पडदा बंद पडला तर हीच पेटी दुसऱ्या फोनवरून किंवा साध्या नॉबच्या हँडसेटवरून चालते का? इंजिनांची यादी आणि सगळ्या नोंदी फाइल म्हणून बाहेर काढता येतात का? आणि ब्लूटूथचे इंजिन असेल तर तोच डीकोडर साध्या डीसीसीवरही चालतो का? तिन्हींना होकार मिळाला तर पडद्याचा आकार, रंग आणि किंमत पाहून निवड करा. एकाला जरी नकार आला तरी ते पैसे आधी जाड तारा, चांगले डीकोडर आणि सांध्यांच्या मोटारींवर घाला आणि तोवर जुन्या फोनवर गाडी चालवा.